अंदमान म्हणजे फक्त एक कोठडी नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सहलींच्या जाहिराती आपल्या अंकात सुरू झाल्या आहेत. अंदमानच्या चौकटी त्यांत बऱ्याच आहेत आणि सगळ्यांचा साचा जवळपास एकच. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, मग हॅवलॉक, नील, स्कूबा, बाराटांगच्या गुहा आणि परत. गेल्या हिवाळ्यात याच साच्यातली सहल मी केली. माझे सगळे आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले. त्यामुळे जे पाहिले त्यापेक्षा जे गाडीच्या खिडकीतून मागे पडले, त्याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

सावरकरांच्या कोठडीपुढे आमच्या गटातल्या प्रत्येकाने हात जोडले, कित्येकांचे डोळे भरून आले, माझेही आले. मराठी माणूस तिथे जातो तो त्या कोठडीसाठी, आणि जायलाच हवे. पण त्याच इमारतीच्या मधल्या मनोऱ्यात संगमरवरी फलकांवर कैद्यांची प्रांतवार नावे कोरलेली आहेत. बंगाल आणि पंजाबच्या याद्या वाचत जावे तितक्या लांबत जातात. मी अकोले तालुक्यातली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यात जन्मठेप होऊन अंदमानात गेलेले वामन नारायण उर्फ दाजी जोशी आमच्या समशेरपूरचे. मुंबई इलाख्यातली नावे सावकाश वाचावीत अशी माझी फार इच्छा होती, पण खालून सहल व्यवस्थापकाची शिट्टी झाली. बाबाराव सावरकर धाकट्या भावाच्या आधीपासून तिथे होते, हे आमच्या गाडीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते. छळ असह्य होऊन इंदुभूषण रॉय यांनी 1912 मध्ये तिथेच जीव दिला. 1933 च्या उपोषणात नळीने जबरदस्तीने दूध पाजताना महावीर सिंह, मोहित मोइत्र आणि मोहन किशोर नमदास हे तिघे गेले. यांचे पुतळे जेलसमोरच्या बागेत आहेत. आम्ही त्या बागेत बसून नारळपाणी प्यायलो, आणि पुतळे कोणाचे हे आम्हाला कोणीही सांगितले नाही.

जेलचे बांधकाम 1896 ते 1906 या काळातले. काळे पाणी त्याच्या कितीतरी आधीचे! 10 मार्च 1858 रोजी डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन तिथे उतरला, ते 1857 च्या उठावानंतर पकडलेले लोक होते. त्यांना कोठडी नव्हती. भोवती समुद्र आणि समोर जंगल, हाच तुरुंग. पळून गेलेल्यांपैकी जे परत सापडले त्यांतल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच दिवशी फाशी दिले. पुढच्याच वर्षी, 17 मे 1859 रोजी, तिथल्या मूळ रहिवाशांनी आपल्या जमिनीवर आलेल्या या वसाहतीवर धनुष्यबाण घेऊन हल्ला केला. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी वर्षभर त्यांच्यात राहिला होता, त्यानेच इंग्रजांना आधी खबर दिली. ॲबरडीनच्या त्या लढाईचे स्मारक पोर्ट ब्लेअरमध्ये (आता श्री विजयपुरम) जलक्रीडा संकुलाजवळ आहे. वॉटर स्पोर्ट्सच्या तिकिटांसाठी आम्ही त्याच्या अगदी जवळ रांगेत उभे होतो.

आमच्या गाडीचे चालक स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवत. शिक्षा भोगून तिथेच स्थायिक झालेल्या कैद्यांचे हे वंशज. पुरुष एका प्रांतातला, बाई दुसऱ्या प्रांतातून आलेली कैदी, अशी लग्ने झाली. जातपात, प्रसंगी धर्मही मागे पडला आणि घरात हिंदुस्थानी बोलली जाऊ लागली. तुमचे पूर्वज कुठले, असे मी विचारले. ते म्हणाले, "कोई बोलता है यूपी, कोई बोलता है पंजाब. हमारे यहाँ पूछते नहीं थे, मॅडम." आमच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत जातिनिर्मूलनावर प्रकरणे असतात, आणि इथे एक अख्खा समाज दीडशे वर्षे या प्रश्नाचे उत्तर जगत आला आहे. त्यांच्यापैकी कोणी पर्यटकांशी अर्धा तास बोलावे, एवढेही कोणाला सुचू नये याचे मला वाईट वाटते.

नेताजींनी 30 डिसेंबर 1943 रोजी जिथे तिरंगा फडकवला, तिथे सगळे फोटो काढतात. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, 30 जानेवारी 1944 रोजी, तेव्हा ही बेटे ताब्यात असलेल्या जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून 44 भारतीयांना हम्फ्रीगंज येथे गोळ्या घातल्या. त्यांतले बरेच जण नेताजींच्याच बाजूने काम करणाऱ्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे होते. त्याच महिन्यात लीगचे तिथले प्रमुख डॉ. दिवाण सिंह सेल्युलर जेलमध्ये छळामुळे मरण पावले. ते पंजाबी कवी होते, शहरातला गुरुद्वारा त्यांच्या नावाचा आहे. हम्फ्रीगंजचे स्मारक वंडूरच्या वाटेवर आहे. आमची गाडी तिथून वेगाने पुढे गेली, कारण बोटीची वेळ गाठायची होती. या दोन तारखा एकत्र सांगणे अवघड जाते हे मला समजते. वर्गात मलाही जड गेले असते. तरीही त्या एकत्रच सांगायला हव्यात.

हॅवलॉकचा (स्वराज द्वीप) राधानगर किनारा सगळ्यांना ठाऊक असतो. पण राधानगर हे गाव आहे. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, विजयनगर ही त्याची भावंडे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी जंगल तोडून ती वसवली. सुपारी, नारळ आणि मासळीवर ती उभी राहिली.

आता बाराटांग. पहाटे तीनला उठवून आम्हाला जिरकाटांगच्या नाक्यावर नेले. तिथून गाड्यांचा ताफा जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचे नाही, खाऊ द्यायचा नाही, फोटो काढायचा नाही, असे नियम आहेत. 1956 पासून या जमातींना कायद्याचे संरक्षण आहे. तरीही गाडीत एकच कुजबुज: दिसतील का? एक गृहस्थ म्हणाले, "दिसले तर पैसे वसूल." रस्त्याच्या कडेला दोन मुले दिसली आणि चार फोन वर झाले. मी ते खाली ठेवायला लावले, थोडी बोलाचालीही झाली. जारवांची एकूण संख्या काहीशे आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी बाहेरच्यांशी वैर सोडले आणि लगेच 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. 1858 मध्ये हजारोंच्या संख्येने असलेले ग्रेट अंदमानी आज पन्नासच्या आसपास उरले आहेत. त्यांच्यातली बो भाषा बोलणारी शेवटची वृद्धा जानेवारी 2010 मध्ये वारली. हे माहीत असलेला माणूस चालत्या गाडीतून त्या मुलांवर फोन रोखणार नाही, असा माझा विश्वास आहे. ज्यांना या लोकांविषयी खरोखर जाणून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी शहरातच, फिनिक्स बे भागात, मानववंशशास्त्र संग्रहालय आहे. जारवांचे झाडाच्या सालीचे छातीकवच, धनुष्ये, निकोबारी झोपडीची प्रतिकृती असे सगळे तिथे शांतपणे पाहता येते. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हते. हॅवलॉकला जायची बोट दुपारची होती म्हणून मी सकाळी रिक्षाने एकटीच गेले.

सहल कंपन्यांना माझी विनंती आहे. पोर्ट ब्लेअरला आणखी एक पूर्ण दिवस द्या. जेलला निदान अर्धा दिवस, शिट्टीशिवाय. मग संग्रहालय, हम्फ्रीगंज, आणि जमल्यास व्हायपर बेट, जिथे व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेरअली आफ्रिदीला फाशी झाली. मराठी वाटाड्यासोबत एखादा स्थानिक जाणकारही घ्या आणि त्याचे मानधन खर्चात धरा, आम्ही देऊ. एखादा किनारा कमी झाला तरी चालेल. बाराटांग वगळले तर फारच चांगले.

आणि आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. मागच्या आठवड्यातल्या एका जाहिरातीत 'आदिवासींच्या जंगलातून थरारक प्रवास' अशी ओळ होती. अशा ओळी कृपया छापू नका.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
अकोले, जि. अहिल्यानगर