तलावपाळीवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न २२ जुलै २०२५ ला गेला, वय ७६. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर तो सिंहासनात बसून गायला होता. पार्किन्सन्सने पाय धरले होते, गळा नाही. तो गेला त्याच आठवड्यात आम्ही ठाण्यातले काही मेटलवेडे तलावपाळीवर जमलो आणि पावसाने गाठलं.

ताडपत्री पुढे ओढून आम्हाला आणि स्पीकरला आत घेणारे टपरीवाले काका, तुमचे आभार. 'घरचं कोणी गेलं का?' असं तुम्ही विचारलंत. आम्ही हो म्हणालो, आणि ते फारसं खोटं नव्हतं. आवाज कमी करा म्हणत आलेल्या आजोबांचेही आभार. आवाज कमी झाल्यावर ते एक गाणं पूर्ण ऐकून मगच गेले.

सगळ्यात जास्त आभार वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर काम केलेल्या दादांचे. ऑझीच्या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचा विषय निघाला होता. १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, पुढे गिटारच्या तारा सैल केल्या; ब्लॅक सॅबथच्या त्या जड आवाजात याचाही वाटा आहे. दादांनी मुकाट हात पुढे केला. एका बोटाचं पेर नव्हतं. आम्ही इतकी वर्षं ही गोष्ट किस्सा म्हणून सांगत आलो होतो! मग टोपी बोटावर घट्ट कशी बसवली असेल, यावर ते कारागिराच्या उत्साहाने बोलत राहिले.

दादा, हे वाचलंत तर रविवारी संध्याकाळी या. गिटार घेऊन येतो.