सोबत जरीची रिळं पाठवते आहे

गिरगाव

चि. मृणाल,

अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा बाबा म्हणाले, आता आठ दिवस तिच्याकडे डोळ्यांचा विषय काढू नकोस. त्यांचं ऐकायचं ठरवलंय. म्हणून फक्त दोऱ्यांबद्दल लिहिते.

सकाळी सी. पी. टँकवरून चालत भुलेश्वरला जाऊन आले. तू फोटो पाठवलेल्या बाहीवरची जर विसकटली आहे, कारण तू ती प्रत्येक टाक्याला कापडातून आरपार ओढतेयस. जर म्हणजे मधल्या दोऱ्यावर गुंडाळलेली चपटी तार. खरी असली तर रेशमावर चांदीची आणि तिला सोन्याचा मुलामा, नाहीतर तांब्याची. स्वस्तातल्या जरीत नुसती प्लॅस्टिकची चकचकीत पट्टी असते. कापडाला घासून घासून ती सुटते आणि आतला दोरा उघडा पडतो. तेव्हा जर कापडावरच ठेवायची आणि तिच्याच रंगाच्या बारीक रेशमाने थोड्या थोड्या अंतरावर टाचत जायची. टोकं तेवढी मोठ्या नेढ्याच्या सुईने मागे घेऊन पक्की करायची. कुठे टाका घालावाच लागला, तर हातभराहून लांब दोरा ओवू नकोस आणि सुई तीच मोठ्या नेढ्याची घे. तिने भोक जरा मोठं पडतं, जरीला घासत जावं लागत नाही.

काळ्या कापडावर काम करताना मांडीवर पांढरा पंचा पसर. म्हणजे विणीतली भोकं दिसतात. आणि रात्री अकरानंतर काळं कापड हातात घेऊच नकोस. दिवसभर ऑफिसातला स्क्रीन, त्यावर हे! माझे डॉक्टर म्हणाले, भरतकामाने काचबिंदू होत नाही. ते मला पटलंय. पण आईला असला तर मुलांनी तपासून घ्यावं, हेही तेच म्हणाले.

पाहा, काढलाच विषय. राहू दे.

व्हिस्कोसच्या तीन लड्या आहेत, पोपटी, राणी आणि हळदी. हा दोरा चमकतो छान, पण निसटतो, कुरळा होतो, गाठ धरत नाही. ओल्या स्पंजवरून एकदा ओढून घे, मग सरळ पडेल. लहान लहान तुकडे घे आणि गाठीवर विसंबू नकोस, शेवट मागच्या टाक्यांखालून फिरवून आण. मोत्यासारख्या पिळाचा सुती दोरा आठ नंबरचा घेतलाय. पाच नंबर जाड, बारा नंबर बारीक, हे तुला माहीत आहेच. त्याचे पदर सोडवायला जाऊ नकोस, तो अखंडच वापरायचा. अँकरच्या लडीचे सहा पदर मात्र एकेक करून वेगळे काढायचे आणि हवे तेवढे पुन्हा जुळवायचे. टाका भरून येतो. तू दोन पदर एकदम ओढून काढतेस, म्हणून तुझी पाकळी कधी कधी दोरीसारखी दिसते.

चौथीत असताना रुमालावर गुलाब भरायला तू सहाही पदर एकदम ओवले होतेस. नेढ्यात जाईनात म्हणून टोक चावून चावून ओलं केलंस आणि गुलाबी रंग ओठाला लागला. आजी तेव्हा आपल्याकडेच होती. तिला समोरचा माणूस दिसायचा, पण बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला दिसायचा नाही, हात लागून सांडायचा. सगळे म्हणायचे, वय झालं. तिने तुझा रुमाल उलटा करून मागून बोटं फिरवली आणि म्हणाली, "गाठी फार आहेत गं, पण टाके एकसारखे आहेत." तू दिवसभर घरभर ते सांगत होतीस.

परवा मालतीकाकूंना तू भरलेल्या साडीच्या पदराचा फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "मशीनवरचं का?" मी म्हटलं, नीट बघा, पानाच्या शिरेपाशी टाक्यांचा उतार बदललाय, मशीनला ते सुचेल का? अभिमान वाटला मला, खूप. तू नोकरी सांभाळून हे करतेस याची काळजीही तेवढीच वाटते. लग्नाच्या ऑर्डरी घेताना आगाऊ पैसे घेतेस ना? आणि तारीख देताना पंधरा दिवस हातचे ठेवत जा. बरं, पुरे. तुझा धंदा तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो, मी उगाच शिकवत बसले. राग मानू नकोस.

लाल आणि मरून रेशमाचं मात्र ऐक. आधी पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून बघ, रंग उतरला तर फिक्या कापडावर लावू नकोस. आणि रेशीम हातात घेण्याआधी बोटांना खोबरेल चोळून साबणाने धुऊन टाक. खरखरीत बोटाला एकेक तंतू अडकतो.

आता एकदाच लिहिते. चष्म्याचा नंबर तपासला म्हणजे डोळे तपासले असं नाही. डोळ्यातला दाब आणि मागची नस बघतात, ती तपासणी वेगळी. मला काही दुखत नव्हतं, सुई ओवता येत होती, पेपर वाचता येत होता. कडेची नजर कधी गेली ते कळलंच नाही, आणि गेलेली परत येत नाही. आता थेंब घालून आहे ती टिकवायची. तुझं वय लहान आहे, बहुतेक काहीच निघणार नाही. पण डॉक्टरांना स्पष्ट सांग, आईला आहे, आजीलाही असावा. हे सांगितल्याशिवाय ते कदाचित बघणार नाहीत.

वेळ घेतलीस की तारीख कळव. मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी चिवड्याचा डबा घातलाय. जरीची रिळं डब्याला लागू देऊ नकोस, तेलकट हात लागला की जर काळवंडते. बंगळुरूला शनिवारी डोळ्यांचे डॉक्टर बसत असतील ना?