हक्कसोडपत्रावर सही करायच्या आधी हे वाच

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालीस "आई, कुठे सही करायची तेवढं सांग, मी येऊन करून जाते." ऐकून बरं वाटलं गं, पण अशी डोळे मिटून केलेली सही मला नकोय म्हणून सगळं नीट लिहितेय, जावईबापूंनाही वाचायला दे.

बाबा मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे डोंबिवलीचा फ्लॅट आता माझा, दादाचा आणि तुझा, तिघांचा सारखा एक तृतीयांश. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला बाबांच्या नावाखाली सोसायटीने माझं नाव लिहिलंय ते मी नॉमिनी होते म्हणून, पण नॉमिनी झालं म्हणजे मालक झालं असं नसतं. आणि लग्न झालं म्हणून तुझा हिस्सा एक पैशानेही कमी होत नाही, हे पक्कं लक्षात ठेव, कोणी काहीही सांगो.

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि बिल्डरचा वकील प्रत्येक करारावर तिघांच्या सह्या मागतोय. दादा जर्मनीत, तू नाशिकला, मी एकटी इथे फाइल घेऊन फिरतेय. म्हणून मला वाटतं तुम्ही दोघांनी आपापला हिस्सा माझ्या नावे सोडावा, त्याच कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. दादा तिकडे भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून, म्हणजे त्याच्या वतीने इथे सही करायचा अधिकार लिहून पाठवेल, तुला मात्र रजिस्ट्रेशनला यावं लागेल, फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, अर्धा दिवस जाईल.

वकिलांना मी विचारलं की बक्षीसपत्र, म्हणजे हिस्सा भेट म्हणून लिहून देणं, का नको. तर म्हणे आईवडिलांनी राहतं घर मुलांना बक्षीस दिलं तर स्टॅम्प ड्युटीत मोठी सवलत आहे पण मुलांनी आईला दिलं तर ती लागू नाही, तिथे बाजारभावाच्या ३ टक्के आणि वर बाकीचे आकार. वारसाने आलेल्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र आईच्या नावे केलं तर ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर होतं, २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत तर २०० च होते. फक्त ते रजिस्टर करावंच लागतं, नुसतं नोटरी करून भागत नाही, आणि कोणाच्या लाभात सोडलं ते नाव स्पष्ट लिहिलेलं हवं, माझं एकटीचं. मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, ते वाक्य तू स्वतः शोधून बघ.

पण बाळा, एकदा रजिस्टर झालं की मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. मी तुम्हा दोघांना अर्धं अर्धं असं मृत्युपत्र करणार आहे, आणि समजा करायचं राहून गेलं तरी माझ्यामागे कायद्याने तुम्ही दोघं सारखेच वारस. तरीसुद्धा मृत्युपत्र माणूस हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतो, मीही बदलू शकते, त्यामुळे माझ्या शब्दापलीकडे तुझ्या हातात काही उरणार नाही, हे धरूनच ठरव.

आपल्याकडे मुलींच्या सह्या कशा घेतात ते मी माझ्या माहेरी बघितलंय. आजोबा गेल्यावर शेताच्या कागदांवर माझी आणि मावशीची सही घेतली, काय लिहिलंय ते कोणी वाचूनही दाखवलं नाही, आणि माहेरचं दार उघडं राहावं म्हणून आम्ही दोघीही काही बोललो नाही. तुझ्या बाबतीत मी हे होऊ देणार नाही.

तुला हिस्सा ठेवायचा असेल तर सरळ ठेव. मग रिडेव्हलपमेंटच्या कामापुरती मला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी दे, काम त्यानेही होईल, नव्या फ्लॅटच्या करारात तुझंही नाव लागेल एवढंच. मला राग नाही, दादालाही मी हेच लिहिलंय. तुमच्या ओळखीच्या वकिलाला मसुदा दाखव, फी मी देते, आणि काय ते रविवारपर्यंत कळव म्हणजे मला बिल्डरच्या माणसाला सांगता येईल.

तुझी,
आई