तक्रार पत्र: वेळेत असूनही अकराव्या किलोमीटरला बसमध्ये बसवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, स्पर्धा आयोजन विभाग

विषय: हाफ मॅरेथॉनमधला मधला कट-ऑफ (वाटेतली वेळमर्यादा), माझ्या नावापुढचा डीएनएफ (‘शर्यत पूर्ण केली नाही’ अशी नोंद) आणि काल संध्याकाळचा फोन

काल संध्याकाळी तुमच्या मदत केंद्राशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. पाचवा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र. तुमचा मार्ग, तुमची नियमावली तुम्हाला पाठ असेल असं धरून चालते. माझ्या बिबचा, म्हणजे छातीवरच्या नंबरपट्टीचा, क्रमांक आणि नोंदणीचा तपशील सोबत जोडला आहे.

सकाळी सहाला शर्यत सुरू झाल्याची गन वाजली. आमच्या ‘ई’ गटाला तुमच्याच स्वयंसेवकांनी दोरी धरून थांबवलं होतं. गट अंतरा-अंतराने सोडले की पहिल्या अरुंद वळणावर चेंगराचेंगरी होत नाही. ही व्यवस्था चांगली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी सुरुवातीची मॅट, म्हणजे वेळ टिपणारी पट्टी, ओलांडली तेव्हा गन वाजून ११ मिनिटं झाली होती. चढाच्या माथ्यावर, ११ किलोमीटरच्या खुणेपाशी मी १ तास ४७ मिनिटांत पोचले. तिथली मर्यादा १ तास ५० मिनिटं. तीन मिनिटं माझ्या हातात होती. तरी तुमच्या माणसाने रस्त्यात आडवा हात धरला आणि म्हणाला, “१.५८ झाले, बसमध्ये बसा.” म्हणजे मागे पडलेल्यांना गोळा करणाऱ्या बसमध्ये. मी मनगटावरचं घड्याळ त्याच्यापुढे धरलं. त्याने ते बघितलंही नाही, बिबचा कोपरा फाडला आणि मागच्या माणसाकडे वळला.

ती ११ मिनिटं मी कुठे घालवली? तुमच्या दोरीमागे उभी राहून. घड्याळ तुमचं, दोरी तुमची, मग उशीर माझा कसा?

बिबमागच्या चिपची नोंद सुरुवातीच्या मॅटवर होते, ती तुमच्या यंत्रात आहे. निकाल नेट टाइमवर, म्हणजे मॅट ओलांडल्यापासूनच्या वेळेवर, लावता, प्रमाणपत्रावर नेट टाइम छापता. मधला कट-ऑफ मात्र गन टाइमवर, म्हणजे गन वाजल्यापासून, मोजता आणि नियमावलीत तसं एका ओळीनेही सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनची वेळमर्यादा वर्षानुवर्षं गनपासूनच मोजली गेली, हे मला ठाऊक आहे. ती मर्यादा कडक आहे, पण तिथे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ती आधीपासून माहीत असते. तुम्ही सांगितलं असतंत तर मी पहिल्या पाच किलोमीटरचं गणित वेगळं मांडलं असतं, किंवा नोंदणीच केली नसती.

आता याहून मोठी चूक. गन टाइम धरला तरी तुमचा कट-ऑफ चुकीचा आहे. पूर्ण शर्यतीला तुम्ही ३ तास ३० मिनिटं देता, म्हणजे २१.१ किलोमीटरला २१० मिनिटं. त्याच वेगाने ११ किलोमीटरला साधारण ११० मिनिटं येतात. हेच तुमचे १ तास ५० मिनिटं. कुणीतरी कॅल्क्युलेटरवर सरळ भागाकार केला आहे. सपाट रस्त्यावर तो चालला असता. तुमचा मार्ग सपाट नाही. पहिले ११ किलोमीटर जवळजवळ सगळा चढ आहे, त्यातले शेवटचे तीन सगळ्यांत खडे, आणि माथ्यावरून पुढचे १०.१ किलोमीटर बहुतेक उतार. अशा मार्गावर अर्ध्या अंतराला अर्धा वेळ लागत नाही, हे डोंगराच्या शहरात एकदा जरी पळलेल्या माणसाला कळतं.

हे मोजलेलंही आहे. २००२ साली मिनेटी नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या चढ-उतारांवर पळवून किती ऊर्जा लागते ते मोजलं. दहा टक्के चढावर तेवढंच अंतर कापायला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. उतारावर ती कमी होत जाते आणि साधारण वीस टक्के उताराला सगळ्यांत कमी असते. म्हणून माझ्यासारखी धावणारी बाई चढावर मुद्दाम सावकाश जाते, श्वास हाताशी ठेवते आणि उरलेला वेळ उतारावर भरून काढते. उतार फुकट मिळत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, म्हणूनच दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्यासाठी मी पाच महिने रविवारी पहाटे उठून चढ-उताराचा सराव केला. ज्या उतारासाठी तो केला, त्या उतारावर तुम्ही मला बसमध्ये बसवून नेलंत.

गेल्या वर्षीचे माझे आकडे तुमच्याकडेच आहेत. याच मार्गावर ११ किलोमीटरला १ तास ४९ मिनिटं, शेवटी ३ तास ८ मिनिटं. म्हणजे उतार मी १ तास १९ मिनिटांत उतरले. यंदा माथ्यावर मी दोन मिनिटं लवकर होते. तेवढाच वेळ धरला तर ३ तास ६ मिनिटांत पोचले असते. ती ११ मिनिटं माझ्याच माथी मारली तरी ३ तास १७ मिनिटं, तुमच्या शेवटच्या मर्यादेच्या १३ मिनिटं आत. वेळेत पोचणाऱ्या माणसाला वेळेत पोचणार नाही म्हणून तुम्ही उतरवलंत. गेल्या वर्षी माथ्यावर २ तास होते. ते यंदा कमी का केले, हे चार फोनमध्ये मला कुणीही सांगितलं नाही.

बसमध्ये आम्ही सव्वीस जण होतो. मी मोजले. त्यातल्या चोवीस जणांच्या बिबवर ‘ई’ होता. एक मुलगी पहिल्यांदाच हाफ पळत होती. ती खिडकीकडे तोंड करून पूर्ण वेळ रडत होती, आणि बस उतारावरून खाली जाताना बाहेर आमच्याच गटातली, आमच्या जेमतेम मिनिटभर पुढे असलेली माणसं पळताना दिसत होती. त्यांना अडवलं गेलं नव्हतं, कारण त्या क्षणी तुमचा माणूस दुसऱ्याचं बिब फाडण्यात गुंतला होता. हेही माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता कालचा फोन. बावीस मिनिटं थांबवून ठेवल्यावर एक मुलगा बोलायला आला. मी आधीच्या तीन फोनचे तक्रार क्रमांक सांगितले. तो म्हणाला, “पुन्हा पहिल्यापासून सांगा.” मी पहिल्यापासून सांगितलं. दोरी, ११ मिनिटं, १ तास ४७. त्याने विचारलं, “मॅडम, तुम्ही चालत होता ना?” मी म्हटलं, शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये काही ठिकाणी चालले, खड्या चढावर चालणं ही धावणाऱ्याची पद्धत आहे, नियमात त्याला मनाई नाही. तो म्हणाला, “मग तेच तर. जरा जोरात पळायला हवं होतं.” मी आवाज न चढवता पुन्हा सांगितलं की मी मर्यादेच्या तीन मिनिटं आत होते. तेव्हा त्याने जे वाक्य उच्चारलं ते मी तिथल्या तिथे कागदावर उतरवून घेतलं: “मॅडम, चढ सगळ्यांना सारखाच असतो.”

नाही, सारखा नसतो. दीड तासात हाफ संपवणारा तुमचा तो चढ तासाभराच्या आत पार करतो, तेव्हा सकाळचा गारवा असतो आणि टेबलावर पाणी असतं. आम्ही पोचतो तेव्हा ऊन वर आलेलं असतं आणि टेबलावर रिकामी खोकी असतात. आणि चढ-उताराने काही फरक पडत नसेल, तर २०११ साली बॉस्टनमध्ये केनियाचा धावपटू जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत धावला, तोवरची सगळ्यांत वेगवान मॅरेथॉन धावला, तरी तो जागतिक विक्रम म्हणून का धरला गेला नाही? कारण विक्रमासाठी सुरुवातीपासून शेवटापर्यंत किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही, आणि सुरुवात-शेवट एकमेकांपासून फार दूर असलेलेही चालत नाहीत. बॉस्टनचा मार्ग दोन्ही बाबतींत बसत नाही. जगभर रस्त्याचा उतार मीटरमध्ये मोजून हिशेबात धरतात, आणि तुमच्या मदत केंद्राला चढ सगळ्यांना सारखा वाटतो.

मी हे त्याला सांगू लागले. त्याने मला मध्येच थांबवलं. “पुढच्या वर्षी तुम्ही दहा किलोमीटर घ्या ना, तो सोपा आहे.” मी गप्प झाले. मला खरोखर काय बोलावं कळेना. मी गेली नऊ वर्षं पळते आहे, अकरा हाफ पूर्ण केल्या आहेत, त्यातल्या दोन तुमच्या. माझ्या गप्प राहण्याचा त्याने काय अर्थ लावला कोण जाणे, कारण पुढे तो फार समजूतदार आवाजात म्हणाला, “तुम्हाला मेडल मिळालं नाही म्हणून वाईट वाटतंय का? पत्ता कन्फर्म करा, मी पाठवून देतो.” मी नको म्हणून स्पष्ट सांगितलं. दोनदा सांगितलं. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मेल आली की तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं असून ती बंद करण्यात येत आहे. आणि आज दुपारी कुरियरने मेडल आलं. त्यावर ‘फिनिशर’ असं कोरलं आहे.

मी फिनिश केलेलं नाही. तुम्ही करू दिलं नाहीत. निकालात माझ्या नावापुढे डीएनएफ आणि घरी फिनिशरचं मेडल, या दोन्ही गोष्टी तुमच्याच कार्यालयातून निघाल्या आहेत. जी माणसं खरोखर तो उतार उतरून, मांड्या भरून आल्यावरही शेवटच्या कमानीखाली पोचली, त्यांच्या मेडलची किंमत तुमच्या लेखी एका फोन कॉलएवढी आहे का? माझ्या अपमानापेक्षा मला याचंच जास्त दुःख झालं.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण ते मी गेल्या वर्षीही लिहिलं होतं आणि उत्तर आलं नव्हतं. ५ किलोमीटरला पाणी, मग थेट १० ला. दर पाच किलोमीटरला पाणी ही रूढ पद्धत आहे हे मान्य, पण खड्या चढावर ते पाच किलोमीटर शेवटच्या गटाला पन्नास मिनिटं पुरतात. सगळ्यांत खड्या चढाच्या पायथ्याशी, आठव्या किलोमीटरला एक टेबल वाढवा. दहाव्या किलोमीटरवरचं पाणी तर आम्ही पोचण्याआधीच संपलेलं होतं. आणि जाहिरातीत मार्गाचा जो आलेख छापता, त्यावर उंचीचे आकडे नाहीत. नुसती नागमोडी रेघ आणि शेजारी ‘हलका चढ-उतार’ हे शब्द. माझ्या घड्याळातल्या वायुदाबमापकाने माथ्यापर्यंत २९० मीटर चढण दाखवली. घड्याळ थोडंफार चुकत असेल, पण २९० मीटर हा हलका चढ नव्हे. बॉस्टनची हार्टब्रेक हिल तीस मीटरही चढत नाही, पण ती बत्तीस किलोमीटर पळून झाल्यावर समोर येते, म्हणून तिथे जाणारा प्रत्येक जण तिच्या नावाने तयारी करतो. चढ किती आहे आणि कुठे आहे, हे आधी सांगितलं की माणूस तयारी करून येतो.

रस्ता वेळेत मोकळा करून द्यावा लागतो, वाहतूक अनंत काळ अडवता येत नाही, हे मला समजतं. तुमची ३ तास ३० मिनिटांची मर्यादा वाढवा असं मी म्हणत नाही. त्यातच बसवता येतं. माथ्यावरची मर्यादा गनपासून २ तास ५ मिनिटं ठेवा. उतारासाठी ८५ मिनिटं उरतात, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेआठ मिनिटं. माथ्यापर्यंत वेळेत आलेला बहुतेक प्रत्येक जण तेवढ्यात खाली पोचेल. बस त्यांच्या मागे राहू द्या.

माझ्या मागण्या अशा. माझ्यासह त्या चोवीस जणांच्या निकालात डीएनएफऐवजी ‘आयोजकांनी ११ किलोमीटरला थांबवले’ अशी नोंद करा आणि ११ किलोमीटरची आमची नेट वेळ छापा. कट-ऑफ कोणत्या घड्याळावर मोजणार, हे पुढच्या नोंदणीआधी नियमावलीत लिहा, आणि आलेखावर उंचीचे आकडे टाका. नोंदणीचं पूर्ण शुल्क परत करा, मला आणि बाकीच्यांनाही. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा आणि ज्याला मार्ग माहीत आहे अशा माणसाने मला फोन करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी हेच कागद घेऊन ग्राहक आयोगात जाणार आहे. बसमधल्या एकोणीस जणांनी सही करायची तयारी दाखवली आहे, त्यांचे बिब क्रमांक माझ्याकडे आहेत.

हे लिहिताना त्रास होतो, कारण पहिल्या वर्षी तुमची शर्यत मला फार आवडली होती. त्या वर्षी माथ्यावर धुकं होतं, वळणावर तुमचा एक वयस्कर स्वयंसेवक शेवटच्या माणसापर्यंत उभा राहून प्रत्येकाला नंबराने हाक मारत होता, “आलाच माथा, आता उतारच!” मी तेव्हा दोन मैत्रिणींना नोंदणी करायला लावली होती. यंदा त्यातली एक माझ्याबरोबर बसमध्ये होती. त्या ११ मिनिटांचा हिशेब तिलाही हवा आहे.

मेडल याच पाकिटातून परत पाठवत आहे. त्याचं प्लॅस्टिक मी फाडलेलं नाही.

आपली,
‘ई’ गटातली एक धावपटू

सोबत: नोंदणीची पावती, घड्याळातली वेळ व उंचीची नोंद, गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र, चारही तक्रार क्रमांक, कोपरा फाडलेलं बिब, मेडल