ऑडिटरने ऐकायचे असते

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील शब्दांच्या सदरात 'ऑडिटर म्हणजे मुळात चुका काढणारा' असे वाचले आणि हातातला चहा निवला. कोश उघडायला सदरलेखकांना कितीसा वेळ लागला असता? लॅटिनमध्ये 'ऑडिरे' म्हणजे ऐकणे, ऑडिटर म्हणजे ऐकणारा. ऑडिओ, ऑडिशन, ऑडिटोरियम ही त्याचीच भावंडे. जुन्या इंग्लंडात जहागिरीचा कारभारी जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवी आणि ऑडिटर तो ऐकून घेई. आपला 'तपासनीस' वेगळ्या कुळातला. त्याच्या शेपटाशी फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. 'चिटणीस'मध्येही तोच; नागपुरात महाल भागातल्या चिटणीस पार्कवरून रोज जाणाऱ्यांना हे मी काय सांगावे! (त्यात 'तपास' आहे, हे मात्र कबूल.)

एवढे लागायचे कारण, आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सहा वर्षे खजिनदार होतो. एका मे महिन्यात नळ कोरडे पडले, म्हणून पाण्याचा टँकर बोलावला. अठराशे रुपये रोख दिले. टँकरवाला कसली पावती देतो? ऑडिटर साहेबांनी शेरा मारला, 'व्हाउचर आढळले नाही.' समजावून सांगायला भर उन्हात त्यांच्या ऑफिसात गेलो. साहेबांच्या दोन्ही कानांत इअरफोन! हातानेच 'थांबा' म्हणाले. वीस मिनिटांनी सहायक मुलगा आला, "काका, काहून एवढं टेन्शन घेता? लिहून मेल करून द्या ना." मेल केला. उत्तर आजतागायत नाही. शेरा तेवढा आमसभेत मोठ्याने वाचला गेला, आणि तो मात्र सगळ्यांनी कान देऊन ऐकला. अठराशे रुपये मी खिशातून भरले. शेजारी अजून 'टँकरवाले काका' म्हणतात.

अमेरिकेत परीक्षा न देता वर्गात नुसते ऐकायला बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही ऑडिटर म्हणतात. त्या पोरांकडून आमच्या साहेबांनी महिनाभर शिकवणी घ्यावी.

दुरुस्ती छापाल ही विनंती. छापायचीच तर पहिल्या पानावर नको, पण निविदा सूचनांच्या खाली दडपूही नका. आणि हो, शनिवारच्या शब्दकोड्यात आडवे सात आणि उभे तीन जुळत नाहीत. दोनदा फोन केला. तुमच्याकडेही कुणी ऐकून घेतले नाही.

आपला,
एक माजी खजिनदार, नागपूर