भूल देणाऱ्या डॉक्टरांना

प्रिय डॉक्टर,

भेटायला येणारा प्रत्येक जण सर्जनचं नाव विचारतो. तुमचं कुणी विचारत नाही. खरं तर मलाही तुमचा चेहरा धड आठवत नव्हता, मास्कच्या वरचे डोळे आणि आवाज तेवढा आठवत होता.

फुप्फुस प्रत्यारोपणाच्या दिवशी टेबलावर मला आडवं होताच येईना, धाप लागायची. तुम्ही पाठ उंच करून दिलीत. आधी झोपेचं काहीतरी द्या, म्हणून मी गयावया केली, तर म्हणालात, "आत्ता नाही. जराशी गुंगी आली तरी श्वास मंदावेल, कार्बन डायऑक्साइड साठेल आणि हृदयाच्या उजव्या बाजूला ते झेपणार नाही." मनगटाच्या धमनीतली नळीसुद्धा मी जागा असतानाच घातलीत, तेवढीच जागा बधिर करून. तेव्हा रागच आला होता.

त्याआधी मी नको ते वाचून बसलो होतो : माणसातलं पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण १९६३ चं, रुग्ण १८ दिवस जगला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "१९८३ चं टोरांटोचंही वाचा. तो रुग्ण पुढे काही वर्षं जगला."

बाकीचं मी तुमच्याकडूनच ऐकलं, आयसीयूतून बाहेर आल्यावर. श्वासनलिकेत दोन वाटांची नळी दुर्बिणीने नेमकी बसवायची, एक फुप्फुस बंद ठेवून दुसऱ्या आजारी फुप्फुसावर माणूस तगवायचा. फुप्फुसाची धमनी चिमट्यात धरल्यावर उजवं हृदय फुगलं, ते तुम्ही अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर पाहिलंत. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू दिलात, तरी भागेना, तेव्हा एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र. नव्या फुप्फुसात रक्त सोडल्यावर रक्तदाब कोसळला. अशा वेळी सलाइन ओतून मोकळं होता येत नाही, पाणी त्याच फुप्फुसात झिरपतं. मग औषधांवर दाब सावरायचा, श्वास छोटे द्यायचे, ऑक्सिजनही गरजेपुरताच. मला वाटायचं, नव्या फुप्फुसाला भरपूर ऑक्सिजन देत असतील!

आपल्याकडे चुकीलाही भूलच म्हणतात. तुमच्या कामाला हाच शब्द कसा चिकटला, कोण जाणे.

नव्या फुप्फुसाच्या नसा तुटलेल्या असतात, खोकला आपसूक येणार नाही, ठरवून खोका, असं बजावलं होतंत. घड्याळ लावून खोकतो. आणि हो, आता मी आडवा झोपतो. एकाच उशीवर.

मनापासून आभार.

तुमचा एक रुग्ण