चेप माय

बँकॉक,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. तुझ्या तीन मेसेजांना मी नुसता अंगठा पाठवला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी आहे. साखर काठावर, चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी काही नाही.

आज जे झालं ते इथं कुणाला सांगून उपयोग नाही, आणि घरी सांगितलं तर ही घाबरेल. तू तालमीतला आणि त्या दिवशी ओट्यावर होतास, म्हणून तुलाच लिहितोय.

दिवाळीपासून मान धरली होती. डावा खांदा कानाला टेकल्यासारखा, जबडा आवळलेला, रात्री तीनला जाग. छातीत धडधडायचं म्हणून सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल निघालं. इथं या दुखण्याला ‘ऑफिस सिंड्रोम’ म्हणतात. दिवसभर स्क्रीनपुढं वाकून बसणाऱ्यांचं दुखणं, दवाखान्यांच्या पाट्यांवरसुद्धा हाच शब्द असतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा पोरगा दर शुक्रवारी अंग दाबून घ्यायला जातो, आपण केस कापायला जातो तसा. तीन वर्षं मला बोलावत होता. मी जात नव्हतो. कुणी पायाला हात लावला की माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

आज मात्र सकाळी बोटीनं था तियनच्या धक्क्यावर उतरलो आणि वाट फोच्या देवळात गेलो. लोक 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध पाहतात आणि परततात. मी आवारात हिंडत राहिलो. तिथं ऋषींचे पुतळे आहेत बघ, एक पाय डोक्यामागं, एक हात पाठीवर, अंग पिळून बसलेले. वस्तादांनी पाहिले असते तर म्हणाले असते, ‘यांना हौद्यात आणा!’ तिसऱ्या राम राजानं 1832च्या सुमारास या देवळाचा जीर्णोद्धार करताना वैद्यकी दगडात कोरून घेतली, येईल त्याला वाचता यावी म्हणून. माणसांच्या आकृत्या, त्यांच्यावर रेघा, रेघांवर दाबायच्या जागा. मुख्य रेघा दहा. त्यांची नावं वाचून मी उभाच राहिलो. इथा, पिंकला, सुमना! इडा, पिंगळा, सुषुम्ना रे! आणि यांचा आद्यगुरू कोण, तर राजगृहाचा जीवक, बुद्धाचा वैद्य. मालिश करणारे आधी हात जोडून त्याचं स्मरण करतात. 2019 साली युनेस्कोनं ‘नुआत थाई’ला, म्हणजे या थाई मालिशीला, मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून यादीत घेतलं, ते मी पेपरात वाचून पान उलटलं होतं.

आवारातच मालिशीचा मंडप आहे. ढगळ सुती कपडे देतात. जमिनीलगत गादी. आणि ऐक, तेलाचा थेंब नाही. ‘तेलाशिवाय मालिश म्हणजे मिठाशिवाय पिठलं’ म्हणून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास ना? हरलास. अंगठा, तळवा, कोपर, गुडघा, पाऊल, सगळं वापरतात, पण जोर मनगटाचा नसतो. ती बाई साठीची असेल, वजन पन्नास किलोसुद्धा नसेल. मी श्वास सोडला की ती आपलं सगळं अंग सावकाश माझ्यावर झुकवायची, श्वास घेतला की उठायची. थोड्या वेळानं तिच्या झुकण्याबरोबर माझाच श्वास लांबत गेला. पुढं तिनं मला बसवून, पाठीला गुडघे लावून मागं ओढलं. खांद्यात कडकन वाजलं आणि तो कानापासून खाली उतरला. मान उद्या पुन्हा धरेल, अकरा तासांचा लॅपटॉप कुठं सुटलाय! पण सहा महिन्यांत पहिल्यांदा कळलं की मी चोवीस तास अंग आवळून बसलोय, जणू कुणीतरी मारायला येतंय.

सांगायचं होतं ते याच्या आधीचं. सुरुवात पावलांपासून करतात. तिनं माझं पाऊल मांडीवर घेतलं, तळव्यात अंगठा रोवला, मग पोटरीकडं सरकली. दुखतंय का, याला थाई भाषेत काय म्हणतात ठाऊक आहे? ‘चेप माय?’ मला माहीत होतं. तीन वर्षांत तेवढी थाई येते. पण डोळा लागत आला होता, त्या गुंगीत मला नुसतं ‘चेप’ ऐकू आलं, आणि मी मोठ्यांदा म्हणालो, ‘चेपतो, अण्णा.’

बंड्या, मी बावन्न वर्षांचा आहे. वाईच्या कुस्तीच्या मैदानानंतर मी अण्णांच्या पायाला हात लावलेला नाही. आई गेली तेव्हासुद्धा लांबूनच वाकलो. ते काय बोलले ते तू ऐकलंस, मी इथं लिहीत नाही. त्याआधी रोज रात्री नऊच्या बातम्या संपेपर्यंत त्यांचे पाय चेपायचो, पाठ तुडवायचो. तेवढ्या वेळात ते माझ्याशी बोलायचे. नंतर आमच्यात बोलणं कसलं झालं? पैसे मिळाले का, पाऊस आहे का.

बाईनं काही विचारलं नाही. पोटरीवर तळवा ठेवून थांबली.

तेव्हापासून डोक्यात एकच. आई गेल्यावर अण्णांच्या अंगाला हात कोण लावतं? न्हावी, आणि बीपी मोजताना तू. मागच्या फोनवर ते म्हणाले, ‘पाय ओढतात रे.’ मी म्हणालो, कॅल्शियम घ्या. असं बोललो मी.

मी 14 तारखेला साताऱ्यात येतोय. त्याआधी रजा टाकून इथल्या शाळेत पाच दिवसांचा वर्ग करणार आहे. नाव घालायला गेलो तेव्हा अण्णांचं सांगितलं, तर गुरुजी पहिल्यांदा हेच म्हणाले की पायात रक्ताची गाठ झालेल्या माणसाचा पाय दाबायचा नाही. यांच्यात जांघेतल्या नाडीवर तळवा दाबून धरतात आणि सोडतात, पायात ऊन ऊन धार उतरते. ‘वाऱ्याचं दार उघडणं’ म्हणतात त्याला. तेही हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्याला नाही. अण्णांच्या डाव्या पायात मागच्या वर्षी रक्ताची गुठळी झाली होती ना? रक्त पातळ करायची गोळी तुझ्याच दुकानातून जाते. तू डॉक्टरांना विचार, उजवा पाय चालेल का, तळवे चालतील का, किती दाब चालेल. नाहीच म्हणाले तर मी त्यांची पावलं नुसती हातात धरून बसेन. पण ते बसू देतील का रे? पाय आखडून घेतील, म्हणतील, ‘राहू दे, राहू दे.’ तेव्हा काय करू? तू असशील ना तिथं?

दुकान नव्या जागेत नेलंस का? पोरीला फार्मसीला कुठं मिळालं ते कळव, वहिनींना नमस्कार. लोणचं पोचलं, अजून पुरवून खातोय.

अण्णांना यातलं काही सांगू नकोस. फक्त सहज विचार, पाय नक्की कुठं ओढतात, पोटरीत की घोट्याशी.

तुझा,
बाळ्या